गोडाऊनला कोल्ड स्टोरेज जोडताय? आधी मधली भिंत बघा

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

यावेळी आलेल्या पत्रांत अर्ध्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत, कोल्ड स्टोरेज. बटाटा, रताळी, बेदाणा, मिरची, गूळ, सगळ्यांनाच आता थंड खोली पाहिजे आणि बरोबरच आहे, भाव पडला की माल मातीमोल होतो हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. पण जुन्या गोडाऊनला कोल्ड स्टोरेज चिकटवताना आगीचा विचार सगळ्यात शेवटी होतो, म्हणून आज बाकीचे विषय बाजूला ठेवून हेच घेतो. नावं छापलेली नाहीत, फक्त गावं.

हत्तरगीजवळून एक वाचक: नमस्कार सर, हायवेला लागून आमचं १२००० स्क्वेअर फुटाचं पत्र्याचं गोडाऊन आहे, खत, बारदान, पॅकिंगचे बॉक्स असा माल असतो. त्याला चिकटून बटाट्यासाठी ५०० टनाचं कोल्ड स्टोरेज बांधायचं आहे. आर्किटेक्ट म्हणतात बिल्डिंग "एच" वर्गात येते, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कोल्ड स्टोरेज म्हणजे फॅक्टरी म्हणजे "जी", आणि बेंगळूरच्या एका कन्सल्टंटनी ड्रॉइंगवर एस-१, एस-२ असं काहीतरी लिहून पाठवलंय. नक्की खरं कुणाचं?

उत्तर: तुमचे आर्किटेक्ट बरोबर आहेत, पण त्यांचं उत्तर अर्धं आहे.

आपल्याकडं आधार धरतात तो नॅशनल बिल्डिंग कोड, २०१६ ची आवृत्ती, त्यातला भाग ४ म्हणजे आग आणि जीवसुरक्षा. त्यात इमारतींचे वापरानुसार गट आहेत, ए म्हणजे राहती घरं, बी शाळा, सी दवाखाने वगैरे, डी लोक जमतात त्या जागा, ई ऑफिसं, एफ दुकानं, जी कारखाने, एच साठवणुकीच्या जागा आणि जे म्हणजे धोकादायक माल. एच गटाच्या यादीत वेअरहाऊस आणि कोल्ड स्टोरेज दोन्ही शब्द सरळ लिहिलेले आहेत, त्यामुळं तुमचं जुनं गोडाऊन आणि नवीन थंड खोल्या दोन्ही मुळात एचच. एस-१ आणि एस-२ ही अमेरिकेतल्या कोडची भाषा आहे, तिथं साठवणुकीचे दोन भाग करतात, जरा जास्त जळणारा माल एस-१ मधे आणि कमी जळणारा, म्हणजे फ्रोझन फूड, ताजी भाजी, मांस वगैरे एस-२ मधे. ड्रॉइंग कुठल्यातरी परदेशी प्रोजेक्टवरून उचललेलं दिसतंय, ते बदलून घ्या, कारण फायर ऑफिसरच्या टेबलावर ते गेलं की पहिला प्रश्न त्याचाच येणार.

कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणंही हवेतलं नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात "मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेस" च्या व्याख्येतच कोल्ड स्टोरेजमधे माल ठेवणं हे घातलेलं आहे, आणि नव्या कामगार संहितेतही ती गोष्ट कायम आहे. म्हणून ठरावीक संख्येच्या वर कामगार असले की फॅक्टरी खात्याचं लायसन्स लागतं. पण तो प्रश्न लायसन्सचा झाला. बिल्डिंग आगीच्या हिशोबात कुठल्या गटात बसते हा प्रश्न वेगळा, त्याचं उत्तर वेगळ्या पुस्तकात. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं आणि दोन्ही खात्यांकडं जावं लागतं.

आता राहिलेलं अर्धं उत्तर, आणि मला वाटतं तेच महत्त्वाचं. कोड म्हणतो की एका इमारतीत एकापेक्षा जास्त प्रकारचा वापर असेल तर सगळ्या इमारतीला त्यातल्या जास्त धोक्याच्या वापराचे नियम लागतात. यातून सुटका एकच, जास्त धोक्याचा भाग ४ तास आग थोपवणाऱ्या भिंतीनं पूर्ण वेगळा केलेला पाहिजे. असं केलं तर प्रत्येक भागाला त्याचे त्याचे नियम. मुख्य कामाला जोडून असलेला अगदी किरकोळ वापर मात्र वेगळा धरत नाहीत, उदाहरणार्थ गोडाऊनच्या कोपऱ्यातलं छोटं ऑफिस.

तुमच्याकडं जास्त धोक्याचं काय असू शकतं? एक, खोल्या थंड करायला वापरतात त्या अमोनिया गॅसची मशिन रूम. दोन, खत. कुठलं खत ते तुम्ही लिहिलेलं नाही. युरिया एक गोष्ट आहे आणि अमोनियम नायट्रेट असलेला माल दुसरी, तो भाजीच्या कोल्ड स्टोरेजला लागून ठेवायचाच नाही, माझं हे मत अगदी ठाम आहे, आणि त्याच्या साठवणुकीचे नियमही वेगळे आहेत. तीन, जनरेटरचं डिझेल. हेस्कॉमची लाईट गेली की बटाटा वाचवायला डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, लागणारच, पण बॅरलवर बॅरल गोडाऊनच्या आत रचू नका. डिझेलला २५०० लिटरपर्यंत, आणि एका भांड्यात १००० लिटरच्या वर नाही, एवढ्यावर पेट्रोलियम कायद्याचं लायसन्स लागत नाही, पण लायसन्स लागत नाही म्हणून ते बारदानाच्या शेजारी ठेवायचं असा त्याचा अर्थ होत नाही. डीजी आणि डिझेल दोन्ही बाहेर, वेगळ्या शेडमधे.

आणि भिंत म्हणजे खरी भिंत बघा. नऊ इंची वीटकाम, दोन्ही बाजूला गिलावा, हे साधारण ४ तासांच्या भिंतीत धरतात. पण आपल्याकडं काय करतात, पत्र्याच्या शेडमधे वीटकाम ट्रसच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या, खालच्या पातळीपर्यंत आणून थांबवतात आणि वरचा त्रिकोण पत्र्यानं बंद करतात, किंवा बंद करतच नाहीत. धूर आणि ज्वाळा वरूनच जातात, त्यामुळं त्या भिंतीचा आगीच्या दृष्टीनं उपयोग शून्य. भिंत छताला भिडून, शक्य असेल तर छताच्या वर काढून घ्या. त्यातून जाणारे पाइप, केबल ट्रे यांच्या भोवतीची भोकं आग थोपवणाऱ्या मसाल्यानं भरून घ्या, फोमच्या स्प्रेनं नाही, तो फोम स्वतःच जळतो. आणि थंड खोलीचा सरकता जाड दरवाजा म्हणजे फायर डोअर नव्हे, तो थंडी अडवतो, आगीसाठी टेस्ट सर्टिफिकेट असलेला दरवाजा वेगळा मिळतो, आपोआप बंद होणारा घ्या.

शेडच्या लोखंडाबद्दल पण एक. उघडं स्टील साधारण ५५० डिग्रीच्या आसपास आपली निम्मी ताकद घालवून बसतं, आणि पॅकिंगच्या बॉक्सची आग तेवढी गरम व्हायला वेळ लावत नाही. कोल्ड स्टोरेजचा सांगाडा जुन्या शेडच्याच खांबांवर टेकवायचा असा काही प्लॅन असेल तर तो सोडा, नवीन भागाचे खांब वेगळे, म्हणजे एक पडला तर दुसऱ्याला ओढून नेणार नाही.

बेळगाव, उद्यमबाग भागातून: पॅनेलवाला म्हणतो आमचं पफ पॅनेल फायरप्रूफ आहे, आग लागतच नाही. विश्वास ठेवायचा का?

उत्तर: नाही. फायरप्रूफ पफ असं काही नसतं.

पफ म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम, दोन पातळ पत्र्यांच्या मधे भरलेला. त्यात आग कमी धरेल अशी केमिकल घालतात, ती चांगलीच गोष्ट आहे, पण मोठ्या आगीत तो जळतो आणि त्याचा धूर काळा, दाट आणि विषारी असतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि हायड्रोजन सायनाइडही. पीआयआर नावाचा त्याचाच सुधारलेला भाऊ बरा, तो वरून कोळशासारखा थर धरतो आणि आग आत जायला वेळ लागतो. थर्माकोलचं पॅनेल सगळ्यात स्वस्त आणि आगीत सगळ्यात वाईट, थोड्या उष्णतेत वितळून आतून पोकळ होतं आणि पत्रे सुटून पडतात. रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, जळत नाही, पण थंडी धरायला जाड लागतं आणि ओल शिरली की कामातून जातं, म्हणून ते गोडाऊन आणि कोल्ड स्टोरेजच्या मधल्या पट्ट्यात किंवा मशिन रूमला वापरणं शहाणपणाचं. पैसे कमी असतील तर सगळीकडं पीआयआर नाही घेतलं तरी चालेल पण छताला आणि मधल्या भिंतीला तरी घ्या. विक्रेत्याकडून तोंडी शब्द घेऊ नका, टेस्ट रिपोर्ट मागा आणि त्या रिपोर्टवर तुमच्याच जाडीच्या पॅनेलचं नाव आहे का ते बघा.

पॅनेलच्या आगीची खरी अडचण ही की ती आतून, पत्र्यांच्या मधे सरकते. बाहेरून भिंत चांगली दिसते आणि आग पलीकडच्या खोलीत पोचलेली असते. पाणी मारलं तर पत्र्यावरून खाली. १९९९ च्या डिसेंबरमधे अमेरिकेतल्या वूस्टर गावात जुन्या रिकाम्या कोल्ड स्टोरेजला आग लागली, खिडक्या नाहीत, भिंतींवर जळणाऱ्या इन्सुलेशनचे थर, आत धुरात रस्ता सापडेना, ६ फायरमन गेले. दक्षिण कोरियात इचॉन इथं २००८ च्या जानेवारीत कोल्ड स्टोरेजला आग लागली आणि ४० माणसं गेली, आणि त्याच इचॉनमधे २०२० च्या एप्रिलमधे बांधकाम चालू असलेल्या वेअरहाऊसमधे ३८. दोन्ही ठिकाणी युरेथेन फोम होता.

बांधकाम चालू असताना, हे लक्षात ठेवा. तुमच्या कोल्ड स्टोरेजला सगळ्यात मोठा धोका बटाटा भरल्यावर नसतो, पॅनेल बसवून झाल्यावर वेल्डर येतो तेव्हा असतो. फोमची पेस्ट, सॉल्व्हंट, कापलेल्या पॅनेलचे तुकडे खाली पडलेले आणि वरून ब्रॅकेटला वेल्डिंग. वेल्डिंग आणि कटिंग होईल तेवढं पॅनेल यायच्या आधी उरकून घ्या. नंतर करावंच लागलं तर लेखी परवानगी, शेजारी पाणी आणि आग विझवायचं सिलिंडर घेऊन एक माणूस उभा, आणि काम संपल्यावर तासभर तिथंच थांबून बघायचं, कारण फोम धुमसत राहतो आणि सगळे जेवायला गेल्यावर पेट घेतो. वायरिंगचं पण तसंच, पॅनेलमधून केबल नेताना नुसतं ड्रिलचं भोक पाडून वायर ओढू नका, पाइपमधून न्या. दरवाज्याच्या चौकटीत बर्फ धरू नये म्हणून हीटरची वायर असते ना, तिची आणि कूलरवरचा बर्फ वितळवणाऱ्या डिफ्रॉस्ट हीटरची तपासणी दर सीझनच्या आधी करून घ्या.

अथणीहून, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज चालवणारे: आतला माल थंड असतो, मग आग लागणार कशी? स्प्रिंकलरचा एवढा खर्च कशाला?

उत्तर: थंडीनं आग लागायची थांबत नाही. ० ते ४ डिग्रीचा पुठ्ठ्याचा बॉक्सही पेटतो, फक्त पेटायला जरा जास्त वेळ घेतो. 

बेदाण्यापेक्षा बेदाणा ज्यात ठेवलाय त्याचा हिशोब करा. लाकूड किलोला साधारण ४५०० किलोकॅलरी उष्णता देतं, प्लास्टिकचं क्रेट त्याच्या दुपटीहून जास्त, ११००० च्या आसपास. रिकामी क्रेट्स एकमेकांवर छतापर्यंत रचून ठेवलेला कोपरा हा तुमच्या सगळ्या इमारतीतला सगळ्यात धोक्याचा कोपरा आहे, भरलेल्या खोलीपेक्षा जास्त. सीझन संपला की पॅसेजमधे क्रेट आणि बॉक्स भरून ठेवायची सवय आपल्याकडं सगळीकडं आहे. ती सोडाच. रिकामा माल बाहेर, इमारतीपासून लांब, ताडपत्री घालून.

स्प्रिंकलरबद्दल, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा, तिची साधी पाण्यानं भरलेली पाइप साधारण ४ डिग्रीच्या खाली ठेवू नयेत, गोठायची भीती. म्हणून थंड खोल्यांत ड्राय सिस्टिम, म्हणजे पाइपमधे दाबाची हवा आणि पाणी बाहेर उबदार जागेतल्या व्हॉल्व्हच्या मागं. गोडाऊनच्या भागात साधी चालते. नेहमीचे धुराचे डिटेक्टर थंड खोलीत दमट हवेनं खोटे वाजतात आणि मग कुणीतरी वैतागून ते बंद करतं, म्हणून हवा ओढून बाहेर तपासणारा डिटेक्टर मिळतो तो घ्या, महाग आहे पण चालू राहतो. हातातले सिलिंडर कुठंही उभं राहिलं तरी १५ मीटरच्या आत सापडले पाहिजेत.

इन्शुरन्सचं कागद पण काढून वाचा. आगीत जळालेला माल आणि मशिन बंद पडून नासलेला माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरीसाठी पॉलिसीत वेगळं कलम वाढवून घ्यावं लागतं, आणि गोडाऊनमधे प्रत्यक्षात काय ठेवलंय ते पॉलिसीत लिहिलेल्या मालाशी जुळलं पाहिजे.

खानापूर तालुक्यातला महिला गट: आम्ही बायका मिळून रताळी आणि भाजीसाठी ३० टनाची खोली टाकतोय, समाजमंदिराच्या जुन्या गोडाऊनमधे. अमोनिया लागेल का, आणि आम्हाला पण ही सगळी फायर खात्याची एनओसी (ना-हरकत पत्र) लागणार का?

उत्तर: ताई, एवढ्या खोलीला अमोनिया लागत नाही आणि घेऊ पण नका. फ्रिऑन जातीचा न जळणारा गॅस असलेलं युनिट पुरतं. विकणाऱ्याला गॅसचं नाव विचारा, आर-२९० सांगितलं तर तो प्रोपेन आहे, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊ, त्याचं युनिट बाहेरच्या उघड्या हवेत पाहिजे.

एवढी छोटी खोली गोडाऊनच्या एच गटातच धरली जाईल. पण तुम्ही लिहिलंय समाजमंदिर, आणि इथं मला काळजी वाटते. शेजारच्या हॉलमधे लग्नं, बारशी, हळदीकुंकू होत असेल तर तो डी गट झाला, माणसं जमायची जागा. एका बाजूला शे-दोनशे माणसं आणि पातळ भिंतीच्या पलीकडं फोमची खोली, हे नको. मधे पूर्ण उंचीची वीटभिंत नसेल तर जागा बदला, नाहीतर आधी भिंत बांधा आणि मग खोली. एनओसीसाठी ग्रामपंचायतीत आणि खानापूरच्या फायर स्टेशनला आधी तोंडी जाऊन विचारा, प्लॅनचा कागद घेऊन जा. पॅनेलची ऑर्डर दिल्यावर नको.

खानापुरात पाऊस कसा असतो तुम्हाला माहीत आहे, त्यामुळं मेन बोर्ड थंड खोलीच्या भिंतीवर न लावता वेगळ्या कोरड्या भिंतीवर, आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट आपोआप तोडणारा स्विच, नक्की बसवा.

निपाणीहून एक भगिनी: आमची तंबाखूची जुनी वखार भाड्यानं मागतायत, अर्ध्यात कोल्ड स्टोरेज आणि अर्ध्यात माल निवडून पॅकिंग. कागलचे आमचे पाहुणे म्हणतात फॉर्म बी घेतला की झालं. खरं आहे का?

उत्तर: पाहुण्यांचं त्यांच्या बाजूला खरं आहे. फॉर्म बी हा महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यातला आहे, तिथं मालकानं दर जानेवारी आणि जुलैला लायसन्सवाल्या एजन्सीकडून फायरची यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट द्यायचं असतं. निपाणी कर्नाटकात आहे, इथं कर्नाटक राज्य अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा खात्याचं चालतं. कागलच्या एजन्सीचा कागद इथं दाखवून उपयोग नाही. पण सहा महिन्यांनी सगळं तपासायची सवय मात्र उचला, पंप, सिलिंडर, अलार्म, ती चांगली आहे.

वर्गाचं म्हणाल तर निवडणं आणि पॅकिंग याच्यावर बघायला लागेल. साठवणुकीच्या जागेत माणसं कमी असतात या हिशोबावर एच गटाचे नियम आहेत. कोडमधे स्पष्ट आहे की साठवणुकीच्या जागेत दुसरा वापर येऊन माणसांची संख्या वाढली तर त्या नव्या वापराचा गट लागतो. पट्ट्यावर ४०-५० बायका निवडायला बसणार असतील तर तो भाग जी गट, दारं, जिने, वाट सगळं त्या माणसांच्या हिशोबानं. भाडेकरू म्हणेल नंतर बघू. भाडेकरारात आधीच लिहून घ्या की काय साठवणार, किती माणसं, कुठला गॅस, आणि वापर बदलला तर परवानगी कोण काढणार, कारण जागा तुमच्या नावावर आहे आणि उद्या काही झालं तर विचारणा तुम्हालाच होणार.

जुन्या वखारीत लाकडी माळे आणि कौलाखाली लाकडी वासे असतात. त्या लाकडाखाली फोमची खोली मला पटत नाही. लाकूड काढून घेणार असाल तरच पुढं जा.

संकेश्वरजवळून, एक हमाल: सर आम्ही अमोनियाच्या कोल्ड स्टोरेजला काम करतो. रात्री बाहेरून कडी लावतात, चोरी होते म्हणून. गॅस सुटला तर आम्ही काय करायचं?

उत्तर: हे पत्र मालकांनीही वाचावं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आत माणूस असताना बाहेरून कडी लावायची नाही, कुठल्याही कारणानं. चीनच्या जिलिन प्रांतात २०१३ च्या जूनमधे कोंबड्यांच्या कारखान्यात आग लागली, अमोनियाचा स्फोट झाला आणि दारं कुलूपबंद होती, १२० च्या आसपास माणसं गेली. कोल्ड स्टोरेजच्या प्रत्येक दरवाज्याला आतून ढकलून उघडायची सोय पाहिजे, बाहेरून लॉक असलं तरी आतून उघडेल अशी, आणि आत अंधारात चमकणारं अलार्मचं बटण, ज्याची घंटा वॉचमनजवळ वाजेल. चोरीसाठी कॅमेरा लावा, वॉचमन ठेवा. साठवणुकीच्या जागेत कुठूनही बाहेरच्या दारापर्यंतची वाट ३० मीटरच्या आत असावी असं कोड सांगतो, पूर्ण स्प्रिंकलर असतील तर ४५. ती वाट मोजताना पोती ओलांडून नाही, माणूस चालेल तशी मोजायची.

अमोनियाचं असं आहे की तो नाकाला फार आधी कळतो, हवेत दहा लाखात थोडेसे भाग असले तरी डोळे आणि घसा झोंबतो, आणि ३०० भागांच्या पुढं जिवाला धोका. म्हणजे वास आला की तपासायला आत जायचं नाही, बाहेर पडायचं. वाऱ्याच्या दिशेला आडवं जायचं, म्हणजे वारा ज्या बाजूनं येतोय त्याच्या काटकोनात. अमोनिया हवेपेक्षा हलका असला तरी टाकीतून सुटलेला थंड गॅस ओल्या हवेत पांढऱ्या ढगासारखा जमिनीलगत पसरतो, त्यामुळं खाली बसून राहू नका. ओला टॉवेल तोंडाला धरा, अमोनिया पाण्यात पटकन विरघळतो म्हणून थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात बाहेर. डोळ्यात गेला तर १५ मिनिटं तरी साध्या पाण्यानं धुवायचं. खाली सांडलेल्या पातळ अमोनियावर मात्र पाणी मारायचं नाही, तो उणे ३३ डिग्रीला उकळतो, पाण्याच्या उबेनं आणखी जोरात गॅस होतो. पाण्याचा फवारा ढगावर, डबक्यावर नाही. आणि हे काम मास्क आणि श्वासाच्या हवेचं सिलिंडर घातलेल्या शिकलेल्या माणसाचं, तुमचं नाही. अमोनिया हवेत १५ टक्क्यांच्या वर जमला तर पेटूही शकतो, म्हणून बंद मशिन रूममधे वास असताना लाईटचं बटणसुद्धा दाबू नका.

मालकांसाठी, मशिन रूमचं दार बाहेर उघडणारं आणि सरळ मोकळ्या जागेत, गोडाऊनमधे नाही. एक्झॉस्ट फॅनचा आणि मेनचा स्विच दाराबाहेर. गॅस सुटल्यावर बंद करायचे मुख्य व्हॉल्व्ह कुठले ते रंग लावून, मराठी आणि कन्नड दोन्हीत पाटी लावून ठेवा, उत्तरेकडून आलेले कामगार असतील तर हिंदीतही. लीक डिटेक्टर, दोन मास्क बाहेरच्या पेटीत, छतावर वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी. कामगारांच्या खोल्या मशिन रूमला लागून बांधू नका, आपल्याकडं पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून जोरात येतो, तेव्हा मशिन रूमच्या पूर्वेला तर अजिबात नको.

आणि भाऊ, तुम्ही विचारलंत ते योग्यच केलंत. कडीचं मालकांशी बोलताना सगळ्या हमालांनी मिळून बोला. ऐकलं नाही तर फॅक्टरी आणि बॉयलर खात्याच्या बेळगावच्या ऑफिसात लेखी तक्रार द्या, सगळ्यांच्या सह्यांची, आणि पोच घ्या.